युद्धक्षेत्रातील पत्रकारांचे अपहरण : सुटका कोणाची, बळी कोणाचा?

(व्याख्यानाचा मजकूर)



मार्च २००७ च्या पहिल्या आठवड्यात अफगाणिस्तानच्या हेलमंड प्रांतात तालिबानने तीन माणसांना पकडले. एक होते इटलीच्या ‘ला रेपुब्लिका’ या दैनिकाचे वार्ताहर दानिएले मास्त्रोजाकोमो. दुसरे अफगाण पत्रकार अजमल नक्शबंदी. ते दुभाषे म्हणून बरोबर होते. तिसरे गाडीचालक सय्यद आगा. तिघे एकाच मोटारीतून, एकाच कामासाठी निघाले होते. परंतु तिघांचा शेवट एक झाला नाही. काही दिवसांतच सय्यद आगा यांचा शिरच्छेद करण्यात आला. १९ मार्च रोजी मास्त्रोजाकोमो सुटले. त्यांच्या बदल्यात काबूल सरकारने पाच तालिबान कैदी सोडले. नक्शबंदी मागेच राहिले. त्यांच्यासाठीही कैदी सोडा, अशी मागणी तालिबानने केली, तेव्हा असा सौदा पुन्हा होणार नाही असे राष्ट्राध्यक्ष हमीद करझाई यांनी जाहीर केले. ८ एप्रिल रोजी नक्शबंदी यांचीही हत्या झाली.

युद्धक्षेत्रातील पत्रकारांच्या अपहरणाचा सारा प्रश्न या एका घटनेत सामावलेला आहे. ज्याच्या मागे एक युरोपीय सरकार उभे होते, तो घरी परतला. ज्यांच्या मागे कोणीच उभे नव्हते, ते मातीत गेले. इटलीचे सरकार कोसळण्याच्या बेतात होते म्हणून हा अपवाद करावा लागला, अशा आशयाचे समर्थन खुद्द करझाई यांनी केले. म्हणजे काबूलच्या सरकारला रोमच्या सरकारची चिंता होती. आपल्या स्वतःच्या नागरिकांच्या वाट्याला मात्र त्याने तत्त्व तेवढे ठेवले. मास्त्रोजाकोमो यांच्या सुटकेबद्दल कोणाला विषाद वाटण्याचे कारण नाही. प्रत्येक सुटका स्वागतार्हच आहे. संताप यायचा तो याचा की, एकाच मोटारीत बसलेल्या माणसांच्या प्राणांचे दोन वेगवेगळे दर ठरले, आणि जगातील बहुतेक वृत्तपत्रांनी ते निमूटपणे मान्य केले.

बातमीमागचे हात

शहरातील वाचक सकाळी वर्तमानपत्र उघडतो तेव्हा बातमीवर त्याला बहुधा एकच नाव दिसते. त्या नावामागे किती माणसांचे श्रम आहेत हे त्याला दिसत नाही. ज्या प्रदेशात युद्ध चालू आहे तेथील बोली, टोळ्या, आडवाटा, तपासणी नाकी, दिवसा कोणत्या गावात कोणाचा अंमल असतो आणि दिवस मावळल्यावर तो कोणाच्या हाती जातो, ही माहिती बाहेरून आलेल्या वार्ताहराजवळ नसते. ती असते स्थानिक माणसाजवळ. तोच भेटी ठरवतो, तोच दोन्ही बाजूंचे बोलणे एकमेकांना समजावून देतो, तोच धोका ओळखून मोटार मागे फिरवायला सांगतो. वृत्तव्यवसायात त्याला ‘फिक्सर’ म्हणतात. वस्तुतः तो पत्रकारच असतो. फक्त त्याचे नाव छापले जात नाही. त्याला रोजावर पैसे मिळतात. बहुधा त्याच्याजवळ ना नेमणूकपत्र असते, ना विमा, ना देशाबाहेर पडण्याचा परवाना. काम संपले की वार्ताहर विमानात बसतो. स्थानिक सहकारी तेथेच राहतो, आणि ज्यांच्याविरुद्ध बातमी गेली त्यांच्या बंदुकीच्या टप्प्यातच राहतो.

सप्टेंबर २००९ मध्ये उत्तर अफगाणिस्तानातील कुंदूझ येथे हेच पुन्हा घडले. पळवलेल्या इंधनाच्या टँकरांवर ‘नाटो’च्या विमानांनी बाँब टाकले होते आणि त्यात अनेक नागरिक मारले गेले होते. त्याची माहिती घेण्यासाठी ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे स्टीफन फॅरेल आणि त्यांचे अफगाण सहकारी सुलतान मुनादी तेथे गेले. ५ सप्टेंबरला तालिबानने दोघांना पकडले. ९ सप्टेंबरच्या पहाटे ब्रिटिश कमांडोंनी छापा घातला. फॅरेल वाचले. मुनादी गोळीबारात ठार झाले. एक ब्रिटिश सैनिकही कामी आला. छापा घालणाऱ्यांनी फॅरेल यांना हेलिकॉप्टरमधून नेले. मुनादी यांचा मृतदेह मात्र तेथेच पडून राहिला. मुनादी जर्मनीत शिक्षण घेत होते आणि सुटीसाठी मायदेशी आले होते. काबूलच्या पत्रकारांनी त्या वेळी विचारलेला प्रश्न आजही अनुत्तरित आहे: सुटकेची योजना आखताना किती ओलीस मोजले होते, एक की दोन?

हा केवळ वंशाचा किंवा पासपोर्टाचा प्रश्न नाही. त्यामागे अर्थकारणही आहे. गेल्या काही दशकांत मोठमोठ्या वृत्तपत्रांनी आणि दूरचित्रवाणी कंपन्यांनी काटकसरीच्या नावाखाली परदेशांतील कार्यालये बंद केली. बातमीची गरज मात्र कमी झाली नाही. मग कंत्राटी कामगाराच्या जागी जसा नाक्यावरचा रोजंदार उभा केला जातो, तसा पगारी वार्ताहराच्या जागी मुक्त पत्रकार उभा राहिला. सिरियात ‘इस्लामिक स्टेट’ने ज्यांच्या हत्येच्या चित्रफिती जगाला दाखवल्या, ते जेम्स फोली, स्टीव्हन सॉटलॉफ आणि जपानचे केंजी गोटो हे तिघेही मुक्त पत्रकार होते. फोली आणि सॉटलॉफ यांच्या हत्येनंतर सप्टेंबर २०१४ मध्ये ‘एएफपी’ या फ्रेंच वृत्तसंस्थेने जाहीर केले की, जेथे संस्था स्वतःचे वार्ताहर पाठवत नाही, तेथून मुक्त पत्रकारांनी आणलेला मजकूर ती घेणार नाही. हा निर्णय योग्यच होता. पण तो घेण्यासाठी माणसांचे बळी जावे लागले.

बैरुटचा धडा

ओलीस धरण्याच्या राजकारणाचे सर्वांत बोलके उदाहरण लेबनॉनचे आहे. १६ मार्च १९८५ रोजी ‘असोसिएटेड प्रेस’चे पश्चिम आशियातील मुख्य वार्ताहर टेरी अँडरसन यांना बैरुटच्या रस्त्यावरून पळवण्यात आले. त्यांची सुटका झाली ४ डिसेंबर १९९१ रोजी. पावणेसात वर्षांच्या या बंदिवासात वॉशिंग्टनचे सरकार एक मंत्र जपत होते: अतिरेक्यांशी सौदा नाही. आणि त्याच काळात, १९८५-८६ मध्ये, तेच सरकार लेबनॉनमधील ओलीस सुटावेत म्हणून इराणला गुपचूप क्षेपणास्त्रे विकत होते आणि त्या विक्रीतील पैसा निकाराग्वातील प्रतिक्रांतिकारक ‘काँत्रा’ टोळ्यांकडे वळवत होते. नोव्हेंबर १९८६ मध्ये हे बिंग फुटले. तत्त्व जनतेला ऐकवण्यासाठी असते आणि व्यवहार बंद दाराआड होतो, याचा याहून स्पष्ट पुरावा शोधण्याची गरज नाही.

परंतु बैरुटच्या इतिहासाची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. १९७५ ते १९९० या यादवीत बेपत्ता झालेल्यांचा आकडा सतरा हजारांच्या आसपास सांगितला जातो. त्यांतील बहुतेकांना त्यांच्याच देशातील सशस्त्र गटांनी आणि परकी सैन्यांनी पळवले होते. त्यांच्या आया, बहिणी आणि बायका १९८२ पासून समिती स्थापन करून रस्त्यावर उभ्या राहिल्या. त्यांच्या माणसांचा शोध घेण्यासाठी राष्ट्रीय आयोग नेमण्याचा कायदा संमत व्हायला २०१८ साल उजाडावे लागले. पाश्चात्त्य ओलिसांच्या बंदिवासाचे दिवस जगभर मोजले गेले. या माणसांचे दिवस त्यांच्या घरच्यांनीच मोजले.

दोन बंदुकांच्या मध्ये

२००३ साली अमेरिकेने इराकवर आक्रमण केले आणि पत्रकारांसाठी जगातील सर्वांत धोकादायक भूमी निर्माण केली. तेथे मारल्या गेलेल्या पत्रकारांत बहुसंख्य इराकीच होते. फेब्रुवारी २००६ मध्ये समारा येथील पवित्र दर्गा सुरुंगाने उडवला गेला, तेव्हा ‘अल् अरेबिया’ वाहिनीच्या वार्ताहर अतवार बहजात आपल्या सहकाऱ्यांसह तेथे पोहोचल्या. बंदूकधाऱ्यांनी त्यांना पळवले. दुसऱ्या दिवशी त्यांचे आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांचे मृतदेह सापडले. समारा हे त्यांचे जन्मगाव होते. त्याच वर्षी ७ जानेवारीला बगदादमध्ये अमेरिकन पत्रकार जिल कॅरॉल यांना पळवताना त्यांचे दुभाषे अॅलन एन्विया यांना जागच्या जागी गोळ्या घालण्यात आल्या. मार्चअखेर कॅरॉल सुटल्या.

या साऱ्या घटनांत डाव्या चळवळीला अंतर्मुख करणारी एक घटना आहे. ‘इल मानिफेस्तो’ हे इटलीतील दैनिक आपल्या शीर्षकाखाली ‘कम्युनिस्ट दैनिक’ असे छापते. इराकवरील आक्रमणाला त्याने पहिल्यापासून विरोध केला. त्याच्या वार्ताहर जुलियाना स्ग्रेना ४ फेब्रुवारी २००५ रोजी बगदादमध्ये फलुजाच्या निर्वासितांना भेटायला गेल्या होत्या. नोव्हेंबर २००४ मध्ये अमेरिकन फौजांनी फलुजा शहराची जी राखरांगोळी केली, तिची हकिगत त्यांना त्या शहरातल्या माणसांच्या तोंडून ऐकायची होती. भेटी आटोपून परतताना त्यांना पळवण्यात आले. आक्रमकांविरुद्ध लढतो असे म्हणणाऱ्यांनी आक्रमणाचे सत्य जगासमोर मांडणारीलाच कोंडून ठेवले. त्यांच्या सुटकेसाठी रोमच्या रस्त्यांवर प्रचंड मोर्चा निघाला.

४ मार्चच्या रात्री स्ग्रेना सुटल्या. इटलीच्या लष्करी गुप्तवार्ता खात्याचे अधिकारी निकोला कालिपारी त्यांना मोटारीतून विमानतळाकडे नेत असताना अमेरिकन सैनिकांनी त्या मोटारीवर गोळीबार केला. कालिपारी यांनी स्ग्रेना यांना आपल्या देहाने झाकले आणि ते जागीच ठार झाले. स्ग्रेना जखमी झाल्या. अमेरिकन चौकशीने सैनिकांना दोषमुक्त ठरवले. इटलीच्या चौकशीला तो निष्कर्ष मान्य झाला नाही. २००७ साली रोमच्या न्यायालयाने आपल्याला अधिकारक्षेत्र नाही असे सांगून खटला निकालात काढला. एका महिन्याच्या अवधीत एकाच वार्ताहराने दोन बंदुका पाहिल्या. पहिली तिला बोलू देत नव्हती. दुसरीने तिला वाचवणाऱ्याचा प्राण घेतला, आणि तिला जाब विचारणारे न्यायालय कुठेच नव्हते.

दोन नावे, एक मागणी

त्याच वर्षी पॅरिसमध्ये एक वेगळा पायंडा पडला. ‘लिबेरासियाँ’ दैनिकाच्या वार्ताहर फ्लोरान्स ओबेना आणि त्यांचे इराकी सहकारी हुसेन हनून यांना ५ जानेवारी २००५ रोजी बगदादमध्ये पळवण्यात आले होते. फ्रान्समधील पत्रकारांनी आणि नागरिकांनी मोहीम उभारली, तेव्हा सुरुवातीपासून एक पथ्य पाळले: प्रत्येक फलकावर दोन चेहरे, प्रत्येक पत्रकात दोन नावे, प्रत्येक सभेत दोघांच्या सुटकेची मागणी. हुसेन हे फ्रेंच नागरिक नव्हते. तरीही पॅरिसच्या चौकांत त्यांचे चित्र ओबेना यांच्या चित्राइतक्याच आकाराचे लागले. १५७ दिवसांनी, ११ जून रोजी, दोघेही जिवंत सुटले.

या सुटकेमागे आणखीही कारणे असतील. पण एक गोष्ट निर्विवाद आहे. जेव्हा जनमत दोन नावे घेते, तेव्हा कोणत्याही सरकारला एकाचाच सौदा करून परतणे कठीण जाते. हेलमंडमध्ये जे घडले ते अटळ नव्हते, हे पॅरिसच्या मोहिमेने दाखवून दिले.

खंडणीचा बाजार

येथे खंडणीचा अवघड प्रश्न उभा राहतो. इस्लामिक स्टेटच्या तुरुंगात अनेक देशांचे पत्रकार एकत्र कोंडलेले होते. २०१४ च्या वसंत ऋतूत फ्रेंच आणि स्पॅनिश पत्रकार सुटले. अमेरिकन आणि ब्रिटिश ओलीस मात्र सुटले नाहीत. अमेरिकन पत्रकार मारले गेले. युरोपातील सरकारे चोरवाटेने पैसा देतात, हे उघड गुपित होते. २००८ पासून अल् कायदा आणि तिच्या शाखांना खंडणीपोटी किमान साडेबारा कोटी डॉलर मिळाले, असा हिशेब ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २०१४ साली मांडला. अमेरिकेत मात्र फोली यांच्या आईवडिलांना, पैसे गोळा कराल तर तुमच्यावरच खटला होऊ शकेल, असे अधिकाऱ्यांकडून ऐकावे लागले. मुलाच्या मृत्यूनंतर आईने हे जाहीरपणे सांगितले. जून २०१५ मध्ये अध्यक्ष ओबामा यांनी धोरण बदलले आणि कुटुंबांवर खटले होणार नाहीत अशी हमी दिली.

खंडणी देणे बरोबर की चूक, या वादात दोन्ही बाजूंना बळ आहे. दिलेल्या पैशातून पुढची बंदूक विकत घेतली जाते आणि पुढचे अपहरण घडते. कैद्यांच्या अदलाबदलीचेही तसेच. १९९९ च्या अखेरीस कंदाहारला नेलेल्या भारतीय विमानातील प्रवाशांच्या बदल्यात आपल्या सरकारने तीन कैदी सोडले. त्यांतील उमर शेख हा परदेशी पर्यटकांना पळवल्याच्या गुन्ह्यात भारताच्या तुरुंगात होता. त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी, २३ जानेवारी २००२ रोजी, मुंबईत राहून ‘वॉल स्ट्रीट जर्नल’साठी दक्षिण आशियाच्या बातम्या देणारे डॅनियल पर्ल यांना कराचीत पळवून ठार करण्यात आले, आणि सूत्रधार म्हणून खटला चालला तो याच शेखवर. २००२ साली त्याला फाशीची शिक्षा झाली. २०२१ साली पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याची मुक्तता केली. पर्ल यांच्या आईवडिलांना न्याय कुठे मिळाला, असा प्रश्न विचारला तर त्याला उत्तर नाही.

दुसरीकडे, ज्या आईचे मूल कोठडीत आहे तिला तत्त्वज्ञान शिकवण्याचा अधिकार कोणालाही नाही. विमानातील दीडशेहून अधिक प्रवाशांचे प्राण मोलाचेच होते. म्हणून मागणी अशी असली पाहिजे: सरकारने वाटाघाटी करायच्या की नाही याचा नियम काहीही असो, तो मोटारीतल्या प्रत्येक माणसाला सारखा लागू झाला पाहिजे. वार्ताहरासाठी सौदा आणि चालकासाठी सिद्धांत, हे चालणार नाही.

सरकारी हात

अपहरण म्हटले की डोळ्यांसमोर तोंड झाकलेला अतिरेकी उभा राहतो. सत्ताधाऱ्यांना हे चित्र सोयीचे असते. वस्तुस्थिती अधिक कटू आहे.

डिसेंबर २००५ मध्ये पाकिस्तानच्या उत्तर वझिरीस्तानात अल् कायदाचा एक म्होरक्या स्फोटात मारला गेला. घरात साठवलेल्या स्फोटकांमुळे हा स्फोट झाला, असे सरकारने सांगितले. हयातुल्ला खान या स्थानिक पत्रकाराने घटनास्थळी जाऊन ढिगाऱ्यातील तुकड्यांची छायाचित्रे घेतली. ते तुकडे अमेरिकन क्षेपणास्त्राचे होते. पाकिस्तानच्या भूमीवर अमेरिका हल्ले करते आणि पाकिस्तानचे सरकार ते लपवते, हे त्या छायाचित्रांनी उघड झाले. ५ डिसेंबरला खान यांना पळवण्यात आले. १६ जून २००६ रोजी मीर अली गावाजवळ त्यांचा मृतदेह सापडला. कुटुंबीयांनी सरकारी गुप्तचर यंत्रणांकडे बोट दाखवले. सरकारने इन्कार केला. न्यायालयीन चौकशी झाली, पण अहवाल जनतेसमोर ठेवला गेला नाही. पुढच्या वर्षी खान यांच्या पत्नीही घराबाहेरील बाँबस्फोटात मारल्या गेल्या.

आपल्या देशाचा इतिहासही निष्कलंक नाही. ८ जुलै १९९६ रोजी काश्मीरमधील अनंतनाग येथे १९ स्थानिक पत्रकारांना एकाच वेळी पळवून कित्येक तास डांबून ठेवण्यात आले आणि जिवे मारण्याच्या धमक्या देण्यात आल्या. पळवणारे ‘इख्वान’ या टोळीचे होते. शरण आलेल्या अतिरेक्यांची ही टोळी सरकारच्या बाजूने काम करत होती. त्याच खोऱ्यातील वृत्तपत्रांना अतिरेकी संघटनांचेही हुकूम येत होते: हे छापा, ते छापू नका, अंक बंद ठेवा. त्या दशकात काश्मीरच्या संपादकाला आपला अग्रलेख दोन बाजूंच्या पिस्तुलांकडे पाहून लिहावा लागत होता.

जनतेच्या नावाने

आता एक अप्रिय गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. शोषितांच्या नावाने शस्त्र उचलणाऱ्यांनी पत्रकाराला पळवले तर त्यात क्रांतिकारक असे काहीही नसते.

२६ मार्च २०१८ रोजी इक्वेडोरच्या कोलंबियाला लागून असलेल्या सीमेवर ‘एल कोमेर्सिओ’ या दैनिकाच्या चमूला पळवण्यात आले. वार्ताहर हाविएर ओर्तेगा, छायाचित्रकार पाउल रिवास आणि गाडीचालक एफ्राइन सेगार्रा. पळवणारा गट हा कोलंबियातील ‘फार्क’ या जुन्या गनिमी संघटनेतून फुटलेला, २०१६ चा शांतता करार न मानणारा आणि अमली पदार्थांच्या व्यापारावर पोसलेला होता. एप्रिलमध्ये तिघांच्याही हत्येची वार्ता आली. कधीकाळी भूमिहीनांसाठी लढल्याचा वारसा सांगणाऱ्यांनी मोटार चालवणाऱ्या माणसाचा जीव घेतला. क्विटोच्या चौकात रात्रीमागून रात्र जमलेल्या पत्रकारांची घोषणा मात्र लक्षात ठेवण्याजोगी होती. आमच्यातले तीन जण नाहीत, असे ते म्हणत होते. दोन पत्रकार आणि एक चालक, अशी वाटणी त्यांनी केली नाही.

छत्तीसगडच्या बस्तरमध्येही हाच प्रश्न वेगळ्या रूपाने समोर येतो. विजापूर जिल्ह्यातील पत्रकार साई रेड्डी यांना २००८ साली पोलिसांनी माओवाद्यांचे हस्तक ठरवून विशेष कायद्याखाली तुरुंगात टाकले. डिसेंबर २०१३ मध्ये त्याच साई रेड्डींना माओवाद्यांनी भर बाजारात ठार केले. एका बाजूने त्यांना दुसऱ्या बाजूचे म्हटले आणि दुसऱ्या बाजूने पहिल्या. खेड्यातल्या बातमीदाराची स्वतःची एक बाजू असू शकते, आणि ती तिथल्या माणसांची असते, हे दोघांनाही मान्य नव्हते.

त्याच जिल्ह्यातील तरुण पत्रकार मुकेश चंद्राकर यांचे उदाहरण ताजे आहे. एप्रिल २०२१ मध्ये चकमकीनंतर माओवाद्यांनी केंद्रीय राखीव पोलीस दलाचा एक जवान ओलीस धरला. त्याला परत आणण्यासाठी जे जंगलात गेले, त्यांत मुकेश होते. आपल्या दुचाकीवरून त्यांनी त्या जवानाला बाहेर आणले. सरकारची सारी यंत्रणा जेथे पोहोचत नव्हती, तेथे एका स्थानिक पत्रकाराची पत पोहोचली. १ जानेवारी २०२५ रोजी हेच मुकेश बेपत्ता झाले. ३ जानेवारीला विजापुरातील एका ठेकेदाराच्या आवारात, नव्याने सिमेंट घालून बुजवलेल्या सेप्टिक टाकीत त्यांचा मृतदेह सापडला. रस्त्याच्या कामातील भ्रष्टाचाराची बातमी पुढे आणण्यात त्यांचा हात होता. ओलीस जवान जंगलातून जिवंत परतला. त्याला आणणारा मात्र जिल्ह्याच्या ठिकाणी, कोर्टकचेऱ्यांपासून हाकेच्या अंतरावर मारला गेला. युद्ध चालू असलेल्या प्रदेशात बंदूक एकट्या सैनिकाची किंवा बंडखोराची राहत नाही. तिच्या सावलीत ठेकेदारी वाढते, आणि त्या ठेकेदारीलाही साक्षीदार नको असतो.

कायदा काय सांगतो

कायद्याची उणीव आहे असे म्हणता येणार नाही. १९४९ च्या जिनिव्हा करारांनी, देशांतर्गत यादवीतही, ओलीस धरण्यास मनाई केली आहे. १९७७ च्या पहिल्या पूरक करारनाम्याच्या ७९ व्या कलमाने युद्धक्षेत्रातील पत्रकाराला नागरिकाचे संरक्षण दिले. ओलीस धरण्याविरुद्ध स्वतंत्र आंतरराष्ट्रीय करार १९७९ साली झाला. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीने २००६ आणि २०१५ मध्ये पत्रकारांच्या संरक्षणाचे ठराव केले. या ठरावांत पत्रकारांबरोबर ‘संबंधित कर्मचारी’ असाही उल्लेख आहे. म्हणजे दुभाषा आणि चालक यांना कायद्याने मोजले आहे. त्यांना मोजत नाहीत ती सरकारे आणि वृत्तपत्रांचे मालक. २ नोव्हेंबर २०१३ रोजी मालीमध्ये पळवून मारलेल्या गिलेन द्यूपाँ आणि क्लोद व्हेर्लों या फ्रेंच नभोवाणीच्या दोन पत्रकारांच्या स्मरणार्थ तो दिवस पत्रकारांवरील गुन्ह्यांना शिक्षा व्हावी यासाठी पाळला जातो.

आपल्या सरकारची नोंद मात्र समाधानकारक नाही. १९७७ च्या पूरक करारनाम्यांना भारताने मान्यता दिलेली नाही. माणसे बेपत्ता करण्याविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने २००७ साली सही केली, पण त्यास संमती देऊन तो बंधनकारक केलेला नाही.

पुढील कर्तव्ये

निषेधाचे ठराव करून हा प्रश्न सुटणार नाही. पत्रकार संघटना, कामगार संघटना आणि लोकशाहीवादी जनतेने काही ठोस मागण्या घेऊन उभे राहिले पाहिजे.

पहिली मागणी वृत्तपत्रांच्या मालकांकडे. ज्याच्या श्रमावर बातमी उभी राहते तो दुभाषा, चालक, कॅमेरामन, तालुक्याचा बातमीदार यांना लेखी करार, विमा आणि प्रशिक्षण मिळालेच पाहिजे. पत्रकार हा श्रमिक आहे, हे या देशात १९५५ साली कायद्याने मान्य झाले ते संघटित लढ्यामुळे. ओळीच्या हिशेबाने पैसे घेणाऱ्या बातमीदारापर्यंत तो लढा अद्याप पोहोचलेला नाही.

दुसरी मागणी सरकारकडे. वर उल्लेखिलेल्या करारांना संमती द्यावी. पत्रकार बेपत्ता झाल्यास पहिल्याच दिवशी गुन्हा नोंदवून शोध सुरू व्हावा. तो राजधानीचा आहे की आडगावचा, यावर तपासाचा वेग ठरू नये.

तिसरी मागणी सर्व सशस्त्र गटांकडे, त्यांचा झेंडा कोणताही असो. पत्रकाराला हात लावणारा गट जनतेचे तोंड बंद करतो, आणि ज्याने जनतेचे तोंड बंद केले त्याला जनतेच्या वतीने बोलण्याचा अधिकार उरत नाही. या बाबतीत मित्राला एक माप आणि शत्रूला दुसरे, असे धोरण डाव्या चळवळीने कदापि स्वीकारता कामा नये. तसे केले तर अनंतनागच्या इख्वानला आणि बगदादच्या तपासणी नाक्याला विचारलेला जाब पोकळ ठरेल.

चौथे कर्तव्य वाचकाचे आहे, आणि ते कोणालाही करता येण्याजोगे आहे. अपहरणाची बातमी वाचताना ‘आणि त्यांचा चालक’, ‘आणि एक स्थानिक सहकारी’ असे शब्द आले, तर वृत्तपत्राला पत्र लिहून विचारावे: त्यांचे नाव काय? त्यांच्या घरी कोण आहे? त्यांच्यासाठी कोण बोलणी करत आहे? पॅरिसच्या नागरिकांनी हे विचारले, क्विटोच्या पत्रकारांनी हे विचारले. मोटारीत जितकी माणसे बसली होती तितकी नावे मागणीपत्रकावर लिहिली गेली पाहिजेत. जे सरकार त्यांतील एकच नाव वाचून दाखवील, त्याला उरलेली नावे मोठ्याने वाचून दाखवणे हे संघटित जनतेचे काम आहे.